विंगेतून बोललेली दोस्ती

बोरी बुद्रुकच्या यात्रेत चार गोष्टी ठरलेल्या असत. पालखी, बैलगाड्यांची शर्यत, कुस्त्या आणि चांगदेवाचं नाटक. पहिल्या तीन गोष्टी लोक आवडीनं बघत. चौथी बघत, कारण चांगदेव दूध डेअरीचा सेक्रेटरी होता. ज्याच्या हातात आपल्या म्हशीच्या दुधाचं फॅट, म्हणजेच दुधाचा भाव आहे, त्याच्या नाटकाला नावं ठेवायला फार मोठं काळीज लागतं, आणि एवढं काळीज असलेली माणसं दुधाच्या धंद्यात पडत नाहीत.

चांगदेवाची सगळी नाटकं मैत्रीवर असायची. त्यालाही कारण होतं. अगदी पहिल्या नाटकात त्याने नायिका घातली होती. त्याची बायको मंगल पहिल्या रांगेत बसून शेवटपर्यंत बघत राहिली. घरी आल्यावर तिने भाकरी थापता थापता एवढंच विचारलं, "आवं, असलं बोलनं तुमाला येतं व्हय?" त्या रात्रीपासून चांगदेवाच्या रंगभूमीवर नायिका आली नाही. पुढची सगळी वर्षं दोन मित्र यायचे, एकमेकांसाठी जीव ओवाळायचे आणि तिसऱ्या अंकात एकमेकांच्या मांडीवर मरायचे. एका वर्षी तर मरतानाचं भाषण इतकं लांबलं की मांडीवर डोकं ठेवून पडलेला बहिरू चक्क घोरायला लागला. आत्म्याला शांती लाभली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन मित्रांपैकी एक कायम हा बहिरू. नावावर जाऊ नका, त्याचे कान अगदी चोख होते. गावात तो सायकली दुरुस्त करायचा, आणि त्याचं पाठांतर असं की स्वतःबरोबर समोरच्याचीही वाक्यं तो पुटपुटत असे. दुसरा मित्र कायम गेणभाऊ. गेणभाऊ पाठांतराच्या भानगडीत पडत नसे, कारण विंगेत चांगदेव वही घेऊन उभा असे. गावच्या नाटकात मागून वाक्यं पुरवणारा माणूस लागतोच. पण चांगदेवाला स्वतःची वाक्यं इतकी आवडायची की तो ती हळू म्हणूच शकत नसे. प्रत्येक वाक्य आधी विंगेतून गरजायचं आणि मग गेणभाऊ ते हिशोब वाचल्यासारखं म्हणायचा. नाटक फुकट, आणि तेही दोनदा.

ही वाक्यं कशी असायची, त्याचा एक नमुना बघा. "हे जिवलग सख्या! तुझ्या मैत्रीच्या शीतल छायेत माझ्या जीवनाचा वृक्ष बहरला!"

तालमीत गेणभाऊ थांबला. "चांग्या, छाया कशाची आसती?"

"झाडाची."

"मंजी मी झाड. आन् तू बी झाड. मंग एका झाडाच्या सावलीत दुसरं झाड बहरंल कसं? आंब्याखाली कधी ऊस लावलाय का तू?"

चांगदेवाने ते वाक्य तसंच ठेवलं. गेणभाऊनेही ते यात्रेत म्हटलं, पण "बहरला" म्हणताना प्रेक्षकांकडे बघून नकारार्थी मान हलवली.

गंमत अशी, की ज्या दोन माणसांमध्ये खरी दोस्ती होती त्यातला एक स्टेजवर असायचा आणि दुसरा विंगेत. चांगदेव आणि गेणभाऊ यांची शेतं एकमेकांना लागून. दोघांच्या आजोबांनी मिळून खणलेली विहीर एक, तिच्यावरची मोटर एक, आणि पाणी आळीपाळीने. दोघं शाळेत एका बाकावर बसले आणि एकाच वर्षी, एकाच विषयात, बहुतेक एकाच उत्तराने नापास झाले. पण इतक्या वर्षांत एकाने दुसऱ्याला कधी चांगला शब्द ऐकवला असेल तर शपथ. चांगदेव एकदा टायफॉईडने नारायणगावला दवाखान्यात पडला होता. गेणभाऊ आला, खाटेजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "मेला न्हाईस व्हय अजून?" मग पिशवीतून मोसंबी काढली, सोलली आणि स्वतःच खाल्ली. चांगदेवाला सुट्टी मिळेपर्यंत तो बाहेरच्या बाकड्यावर झोपत होता, हे मंगलला नर्सने सांगितलं. दोघांमध्ये तो विषय कधी निघाला नाही. मोसंबीचा मात्र दर उन्हाळ्यात निघायचा.

तर हे असं चाललेलं असताना, ज्या काळात तासन्‌तास लाईट जायची, त्यातल्या एका वर्षी, यात्रेच्या थोडं आधी, गेणभाऊ डेअरीत दूध ओतता ओतता म्हणाला, "यात्रा झाली की मी भोसरीला."

"कशाला?"

"राह्यला."

"किती दिस?"

"राह्यला मंजी राह्यला. आमच्या पोरानं, न्यानेश्वरनं मोठी खोली घेतलीय. त्याची आई नातवापायी कवाच गेलीय तिकडं. आता मला एकट्याला हितं कोन भाकर घालनार? शेत वाट्यानं देतो. म्हस उद्या न्यायला येत्यात."

चांगदेवाने दुधाचा नमुना घेतला आणि गेणभाऊच्या नावापुढे फॅटचा असा आकडा लावला की ते दूध म्हशीचं नसून लोण्याच्या गोळ्याचं आहे असं वाटावं.

"हे कुणाच्या म्हशीचं?" गेणभाऊने विचारलं.

"तुझ्या."

"माझी म्हस इकल्यावर सुधारली व्हय?"

"घे की गप."

घरी आल्यावर चांगदेव जेवला नाही. मंगल म्हणाली, "मंग सांगा की त्यास्नी, जाऊ नका म्हनावं."

"असं कसं सांगायचं?"

"तोंडानं."

हे चांगदेवाला जमणारं नव्हतं. विहिरीच्या कडेला बसून "गेण्या, जाऊ नको" म्हणायचं तर त्यापेक्षा विहिरीत उडी मारणं सोपं होतं. पण नाटक लिहिता येत होतं. त्याने वही उघडली, आणि अमर हा गरीब मित्र, विक्रांत हा परदेशी निघालेला श्रीमंत मित्र, असं तीन अंकी नाटक लिहून काढलं. विक्रांत अर्थातच गेणभाऊ, आणि अमर बहिरू. शेवटी अमर विक्रांतला अडवून लांबलचक भाषण करतो: "हे प्राणसख्या, तू गेलास तर या हृदयाच्या वीणेची तार तुटेल," आणि कंसात: दोघे मिठी मारतात.

तालीम शाळेच्या पडवीत. गेणभाऊने भाषण ऐकलं, मिठीचं ऐकलं आणि पायातली वहाण चढवली.

"कुठं निघालास?"

"घरी. हे मी करनार न्हाई. मागल्या साली ह्या बहिऱ्याला मिठी मारली तर ह्याची मिशी माझ्या गालाला चिकटली. आख्खा तिसरा अंक मी दोन मिशांनी केला."

बहिरू म्हणाला, "गोंद पातळ व्हता, भाऊ."

"आन् चांग्या, वीणेची तार तुटंल असं कोन बोलतं रं?"

"दोस्त बोलत्यात."

"कुठले?"

"नाटकातले."

"मंग त्यास्नी बोलीव की कामाला. आधी दोन खरी दोस्तमानसं कशी बोलत्यात ते ऐकून ये. मंग लिव. तवर मी यायचा न्हाई तालमीला."

चांगदेवाला राग आला, पण गेणभाऊशिवाय नाटक नव्हतं, आणि नाटकाशिवाय सांगायला दुसरी जागा नव्हती. तो कान उघडे ठेवून गावात हिंडू लागला. सलूनमध्ये गेला. तिथे दोन मित्र एकमेकांच्या सासऱ्यांबद्दल जे बोलले ते यात्रेत म्हणता आलं नसतं. चक्कीवर गेला, तिथे पट्ट्याच्या आवाजात मैत्री ऐकूच येईना. पारावर जाऊन बसला, तर त्याला बघून सगळे दुधाच्या फॅटबद्दल बोलायला लागले.

शेवटी ऐकायला मिळालं ते डिंभ्याला. मावसबहिणीच्या घरची वास्तुशांत होती. ती आटपून तो परतीच्या एसटीसाठी फाट्यावर येऊन बसला. तिथे दोन म्हातारे आधीच बसलेले. एकाजवळ पिशवी, दुसऱ्याजवळ काठी. चांगदेवाने कान टवकारले.

बराच वेळ काहीच नाही. धरणाकडून वारा येत होता.

मग काठीवाला म्हणाला, "येती का?"

"येईल की."

पुन्हा शांत. एक कुत्रं आलं, दोघांना हुंगून गेलं.

"म्हस?"

"आटली."

"हं."

पिशवीवाल्याने तंबाखू मळली, अर्धी दिली. दुसऱ्याने बघितलं. "येवढीच?"

"खायची तर खा."

हे असं सकाळपासून चाललं असावं, कारण दोघांच्या बुडाखालची सावली केव्हाच सरकून गेली होती आणि ते उन्हातच बसले होते. ऊन उतरायला लागल्यावर एसटी आली. पिशवीवाला चढला. काठीवाला बसूनच राहिला. खिडकीतून ना हात हलला, ना इकडून. चांगदेव पायरीवर पाय ठेवता ठेवता थांबला. "बाबा, तुमाला न्हाई यायचं?"

"मला कुठं जायाचंय?" म्हातारा म्हणाला. "त्याची गाडी यिस्तवर बसलो व्हतो."

एसटी मंचरला पोचेपर्यंत चांगदेव तोंड उघडं ठेवून बसला होता. कंडक्टरला वाटलं, ह्याला गाडी लागते. त्याने दोनदा जागा बदलून दिली.

घरी येऊन चांगदेवाने जुनं नाटक फाडलं आणि नवं लिहिलं. आता, माणसाला एखादी गोष्ट उशिरा कळली की ती जरा जास्तच कळते. चांगदेवाचंही तेच झालं. नव्या नाटकात प्राणसखा नव्हता, वीणा नव्हती, मिठी नव्हती. फक्त दोन माणसं बाकड्यावर बसून गाडीची वाट बघत होती आणि "हं" म्हणत होती. अधूनमधून "मग" होतं.

गेणभाऊ खूश. पहिल्यांदाच त्याला विंगेकडे कान द्यायला लागेना. बहिरू मात्र रडकुंडीला आला.

"चांगदेवभाऊ, मोठालं भाषान द्या, मी पाठ करतो. पन हे हं कसं पाठ करू? हा दुसऱ्या पानावरला हं आन् हा पाचव्या पानावरला हं, दोन्ही सारखंच दिसत्यात. चुकून पुढला म्हनलो तर मधलं समदं नाटक जाईल की."

"मोजून म्हन."

"मोजतोच हाय. झोपेतबी मोजतोय. बायको म्हनती वैद्याला दाखवा."

जुन्या नाटकातलं एकच वाक्य चांगदेवाने वाचवलं होतं, तेही सोलून सोलून दोन शब्दांवर आणलेलं. अगदी शेवटी विक्रांत पिशवी उचलतो, आणि अमर म्हणतो, "जाऊ नकोस." बस. पडदा. बहिरू ते म्हणेल, पण त्याच्या आधी विंगेतून चांगदेव म्हणेल. मोठ्याने. सगळ्या गावासमोर, आणि तरी कुणालाही न कळता. ही युक्ती सुचली तेव्हा चांगदेवाला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

यात्रेच्या दिवशी नाटक दुपारी लागलं. संध्याकाळी लाईट जायची, आणि मांडववाल्याने जनरेटर दुसऱ्याच गावच्या लग्नाला दिला होता. कमिटीने विचार केला की लाईट दुपारीही नसते, पण दुपारी निदान सूर्य असतो. कर्णा बॅटरीवर लावला. बाया पदर डोक्यावर ओढून एका बाजूला, पुरुष टोप्या टाकून दुसऱ्या बाजूला. आणि चैत्राच्या त्या उन्हात गेणभाऊ विक्रांत म्हणून काळा लोकरीचा कोट घालून बाकड्यावर बसला, कारण श्रीमंत मित्राला कोट असतो, हा एक मुद्दा चांगदेवाने सोडला नव्हता.

नाटक सुरू झालं.

"येती का?"

"येईल की."

गावाने थोडा वेळ वाट बघितली. कुणी मरेना, कुणी गाईना. मग लोकांना हळूहळू वाटायला लागलं की हे नाटक नसून दोन माणसं बसलीत, आणि दोन माणसं बसली की तिसऱ्याने बोलायला हरकत नसते.

"कांदा काढला का?" विक्रांतने विचारलं.

"न्हाई," अमर म्हणाला.

"आवं काढा की!" मागच्या रांगेतून आवाज आला. "ढग बघा कसं जमत्यात!"

"पावसाचं काय खरं न्हाई औंदा," दुसरा म्हणाला.

"हं," बहिरू म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. हा हं नाटकातला गेला की गावाला गेला, हे त्याला कळेना. बायांच्या बाजूने धोंडाबाईंनी ओरडून विचारलं, "आरं बहिरू, त्या पावन्याला पानी तरी इचारा, कोटात भाजतोय त्यो!" कुणीतरी खरंच तांब्या वर दिला. विक्रांत घटाघटा पाणी प्यायला. या प्रसंगाला टाळी पडली.

चांगदेव विंगेत घामाघूम. त्याला नाटकाचं काही नव्हतं. तो शेवटच्या पानाची वाट बघत होता. आणि शेवटचं पान आलं. गेणभाऊने पिशवी उचलली, उभा राहिला, दोन पावलं टाकली.

बहिरूने काहीच म्हटलं नाही. त्याच्या हिशोबाने अजून एक हं शिल्लक होता.

"जाऊ नकोस," चांगदेव विंगेतून म्हणाला. बहिरू बोटं मोजत होता.

"जाऊ नकोस!"

गेणभाऊ थांबला. वळला. पण बहिरूकडे नाही, विंगेकडे. तिथे पडद्याच्या फटीत वही छातीशी धरून उभा असलेला चांगदेव त्याला दिसला. चांगदेवाचे डोळे काही वहीकडे नव्हते.

"कुनाला म्हनतोस?" गेणभाऊने विचारलं.

"मला, मला," बहिरू घाईने म्हणाला. "त्यो मला सांगतोय. मी म्हनायचंय ते तुमाला."

"तू गप रं."

कर्ण्यातून हे सगळं पार नदीपर्यंत ऐकू जात होतं. सगळ्या गावाने मान पुढे केली. चांगदेवाने तोंड उघडलं. इतक्या वर्षांच्या नाटकांतली सगळी वाक्यं त्याच्या घशाशी आली, प्राणसख्यापासून वृक्षापर्यंत, आणि एकही बाहेर पडेना.

आणि तेवढ्यात देवळामागची चक्की सुरू झाली.

टुक टुक टुक टुक. मग सगळे पुरुष एकदम उठले.

"लाईट आली!"

ज्यांनी शेतातल्या मोटरसाठी दिवसचे दिवस थ्री फेज लाईटची वाट बघितली आहे त्यांनाच कळेल की अशा वेळी देव जरी स्टेजवर प्रकट झाला असता तरी त्याला "जरा थांबा, मोटर चालू करून आलो" असंच ऐकावं लागलं असतं. टोप्या उचलल्या गेल्या, सायकली सुटल्या, मांडवाचा अर्धा भाग रिकामा झाला.

गेणभाऊ स्टेजवरूनच ओरडला, "चांग्या, आज पानी कुनाचं?"

"माझं."

"मंग हितं काय बोंबलत उभा राह्यलास? चल!"

आणि कोटासकट त्याने स्टेजवरून उडी मारली. विंगेतून चांगदेव धावला. मागे बाकड्यावर एकटा बहिरू उरला. त्याचा शेवटचा हं एकदाचा संपला होता. पाठ फिरवून पळणाऱ्या अख्ख्या गावाकडे हात पसरून, पोटातून आवाज काढून तो म्हणाला, "जाऊ नकोस!" बाया रडल्या. असा अभिनय बोरीत पुन्हा झाला नाही.

विहिरीवरचा स्टार्टर जुना होता. बटन दाबून भागत नसे, पेटीच्या बगलेत चप्पल मारावी लागे. कुठे आणि कशी ते गेणभाऊलाच जमायचं. चांगदेव मारायचा तेव्हा फक्त आतल्या पाली बाहेर पडत. गेणभाऊने कोटाची बाही सरसावली, चप्पल काढली, एकच दिली. मोटर घुमायला लागली. पाइपातून आधी हवा, मग लाल पाणी, मग स्वच्छ पाणी पडलं. दोघं ते पाणी पडायच्या थारोळ्याच्या कडेला पाय सोडून बसले.

"कधी निघनार?" चांगदेव म्हणाला.

"सोमवारी."

"हं."

पाणी उसाच्या सरीत शिरलं.

"स्टार्टरचं शिकून घे माझ्याकडनं," गेणभाऊ म्हणाला.

"न्हाई शिकत."

"मंग मोटर कशी चालू व्हनार?"

"न्हाई व्हनार."

"ऊस वाळंल की."

"वाळू दे."

गेणभाऊने त्याच्याकडे बघितलं. कोटातून वाफ निघत होती. "येडा हायेस का रं तू?"

"हं," चांगदेव म्हणाला.

सोमवारी गेणभाऊ निघाला. पिशवी चांगदेवाने धरली होती. एसटी उशिरा आली. तोपर्यंत दोघं फाट्यावर बसले, आणि मंगलने नंतर विचारलं तेव्हा कळलं की सायकलच्या चाकाला हवा कमी आहे यापलीकडे दोघं काहीच बोलले नव्हते.

पुढच्या आठवड्यात चांगदेवाने भोसरीला फोन लावला. "मोटर चालू व्हईना."

"चप्पल मार."

"मारली."

"कंची मारलीस?"

"डावी."

"उजवी मारून बघ."

"न्हाई जमत."

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीने गेणभाऊ हजर. चार दिवस राहिला, मंगलच्या हातच्या भाकरीला नावं ठेवून रोज दोन्ही वेळा जेवला आणि गेला. मग पुन्हा फोन. पुन्हा गाडी. होता होता तो महिन्यातला निम्मा महिना बोरीतच दिसायला लागला. ज्ञानेश्वर पोरगा हुशार. वडिलांचे हाल बघवेनात म्हणून त्याने पिंपरीच्या दुकानातून नवाकोरा ऑटोमॅटिक स्टार्टर घेतला आणि ओळखीच्या टेम्पोतून चांगदेवाकडे पाठवून दिला. लाईट आली की मोटर आपोआप चालू, माणसाची गरज नाही. चांगदेवाने फोन करून त्याचे आभार मानले.

पुढच्या वेळी गेणभाऊ आला तेव्हा चांगदेवाच्या गोठ्यात खुंटीला, म्हशीच्या घुंगरांशेजारी, एक जड पिशवी लटकलेली त्याला दिसली.

"हे काय?"

"स्टार्टर. न्यानेश्वरनं धाडलेला."

"बसवला न्हाईस?"

"बिघडलाय."

गेणभाऊने पिशवी चाचपली. "ह्याचं तोंड तर अजून शिवलेलंच हाय."

"आतच बिघडला."

"हं," गेणभाऊ म्हणाला, आणि पायातली उजवी चप्पल हातात घेऊन विहिरीकडे चालायला लागला.